घड्याळ पावलं मोजत होतं, ठोके नाही

शेहेचाळिसाव्या वर्षी धावायला लागले तेव्हा घड्याळबिड्याळ डोक्यातही नव्हतं. ‘काउच टू ५के’ नावाचा, कधी न धावलेल्याला ५ किलोमीटर धावायला शिकवणारा ९ आठवड्यांचा कार्यक्रम फोनवर घेतला होता. पहिल्या आठवड्यात ५ मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद धावायचं, ९० सेकंद चालायचं, असं २० मिनिटं. ऐकायला सोपं आहे. पण फोनचा आवाज वाऱ्यात ऐकू येईना आणि कानात काही घालून रस्त्यावर धावायची भीती वाटायची, म्हणून दर दहा पावलांनी फोनकडे बघायचं. तिसऱ्या दिवशी घामेजल्या हातातून तो निसटला आणि काचेचं जाळं झालं.

भाची म्हणाली, “मावशी, तू घड्याळ घे बाई आता.”

घेतलं. दहा मिनिटांत घेतलं, हीच चूक. डब्यावर ‘जीपीएस’ होतं, ‘हार्ट रेट’ होतं, ‘१४ दिवस बॅटरी’ होतं आणि ‘१००हून अधिक स्पोर्ट्स मोड’ होते. या शंभर मोडांबद्दल आताच सांगून टाकते: त्यातले बहुतेक एकच असतात. वेळ मोजायची, ठोके मोजायचे, वर चित्र तेवढं बदलायचं. बॅडमिंटनला बॅडमिंटनचं, दोरीउड्यांना दोरीचं. मला हवा होता एकच मोड, आणि त्यातही एकच गोष्ट: ६० सेकंद झाले की मनगटावर थरथर, ९० झाले की पुन्हा थरथर. ती त्या घड्याळात नव्हतीच. इंटरव्हल स्वतःला हवे तसे लावायची सोयच नव्हती. डब्यावर जे नसतं ते आपण कुठे वाचतो?

तरी महिनाभर तेच वापरलं. वेळ दिसते, ठोके दिसतात, अंतर दिसतं, आणखी काय पाहिजे, असं स्वतःला समजावत होते. मग एका रविवारी ४०० मीटरच्या ट्रॅकवर गेले. सर्वांत आतल्या लेनमध्ये चालत-धावत १० फेऱ्या मारल्या. हिशोबाने ४ किलोमीटर. घड्याळ म्हणालं ३.४१.

ट्रॅकवर रोज येणारे एक काका आहेत, सत्तरीला टेकलेले, पण माझ्या दीडपट वेगाने धावणारे. त्यांना म्हटलं, “काका, ट्रॅक लहान आहे का हो?”

ते हसले. “ट्रॅक लहान नाही. फोन कुठाय तुझा?”

“घरी.”

“मग बरोबर आहे. घड्याळाचे डोळे घरी राहिलेत.”

घरी येऊन भाचीने माहितीपत्रक डोळ्यांजवळ धरून वाचलं. अगदी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘कनेक्टेड जीपीएस’. म्हणजे घड्याळात जीपीएस नाहीच. फोन खिशात असेल तर त्याचा जीपीएस उसना घ्यायचा, नसेल तर हाताच्या हेलकाव्यांवरून पावलं मोजायची आणि पावलाची लांबी अंदाजाने धरून गुणाकार करायचा. धावताना पाऊल लांब पडतं, चालताना आखूड, दमल्यावर आणखी आखूड. माझ्यासारख्या थोडं धावून थोडं चालणाऱ्या बाईचं पाऊल त्या गुणाकारात कसं बसणार? पुढच्या रविवारी फोन कमरेच्या पट्ट्यात खोवून त्याच दहा फेऱ्या मारल्या, तर ४.०६ दाखवलं. म्हणजे घड्याळ घेऊनही फोन वागवायचा तो वागवायचाच. ज्यासाठी घेतलं तेच होत नव्हतं.

त्या दिवशी पहिल्यांदा मी जीपीएस म्हणजे नक्की काय याच्या नादी लागले, आणि ते इतकं रंजक निघालं की दोन दिवस धावायचंच राहिलं. उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात. ते आपल्याला ‘तू इथे आहेस’ असं सांगत नाहीत. ते फक्त स्वतःची वेळ आणि स्वतःची जागा सांगत राहतात. तो संदेश यायला किती वेळ लागला यावरून घड्याळ अंतर काढतं. तीन उपग्रहांवरून जागा ठरते आणि चौथा लागतो तो घड्याळाच्या स्वतःच्या वेळेतली चूक काढायला. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. मनगटावरच्या चिमुकल्या यंत्राने हे धावता धावता करायचं. २००० सालच्या २ मेपर्यंत तर अमेरिका नागरी वापराचा सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडायची. त्या तारखेला ते थांबलं, आणि २००३मध्ये गार्मिनने पहिली ‘फोररनर’ घड्याळं काढली. म्हणजे मनगटावर अंतर बघून धावणं ही तशी कालपरवाची गोष्ट.

उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतीवर आपटून मग घड्याळापर्यंत येतो, उशिरा पोचतो, आणि घड्याळाला वाटतं आपण लांब आहोत. माझ्या फोनच्या नकाशावर एकदा मी दोन इमारतींच्या पोटातून धावत गेले होते, तिसऱ्या मजल्यावरून की तळमजल्यावरून ते देव जाणे. दोन फ्रिक्वेन्सींवर ऐकणारी घड्याळं असे आपटून आलेले सिग्नल बऱ्यापैकी ओळखतात. स्वस्तात ती सोय क्वचित मिळते. पण मैदानात, बागेत, मोकळ्या रस्त्यावर धावणाऱ्याला तिच्यावाचून काही अडत नाही, आणि नवशिके धावतात ते अशाच ठिकाणी.

आता ठोक्यांची गोष्ट. ही मला जास्त लागली, कारण तिने मला महिनाभर घाबरवलं होतं.

मी अगदी सावकाश धावायचे. शेजारून जाणाऱ्या बाईशी बोलता येईल इतकी सावकाश. आणि घड्याळ दाखवायचं १७२. घरी आल्यावर वाटायचं, हे काही ठीक नाही, डॉक्टरांकडे जावं. एका सकाळी चांगलीच थंडी होती. धावता धावता १७२ दिसलं आणि मी थांबले. मानेवर दोन बोटं ठेवली आणि १५ सेकंद मोजले: ३४. चारने गुणलं तर १३६. घड्याळ अजून १६० दाखवत हळूहळू उतरत होतं. पुन्हा धावायला लागले आणि या वेळी उजवं पाऊल किती वेळा पडतं ते मोजलं. अर्ध्या मिनिटात ४३. म्हणजे मिनिटाला ८६, दोन्ही पायांची मिळून १७२.

मी तिथेच हसायला लागले. घड्याळ माझे ठोके मोजत नव्हतं, पावलं मोजत होतं.

धावणाऱ्यांच्या बोलीत याला ‘कॅडन्स लॉक’ म्हणतात. घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश सोडतात. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. ठोक्यासरशी मनगटात रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश कमी होतो, आणि या चढउतारावरून ठोके मोजले जातात. पण धावताना हातही लयीत हलतो, पट्टा हलतो, मनगटातलं रक्तही त्याच लयीत डुचमळतं. थंडीत मनगटाच्या रक्तवाहिन्या आकसतात, ठोक्याची खूण क्षीण होते, आणि पावलांची लय तिच्यावर मात करते. घड्याळ बिचारं जी लय ठळक तीच खरी धरून बसतं. गोंदण असलेल्या त्वचेवरही हा घोटाळा होतो.

उपाय अर्धा मोफत होता. मी घड्याळ दागिन्यासारखं घालत होते, मनगटाच्या हाडावर, सैलसर. ते हाडापासून दोन बोटं वर, कोपराच्या बाजूला सरकवलं, पट्टा एक भोक घट्ट केला आणि धावायच्या आधी दहा मिनिटं अंग गरम केलं. आकडे सुधारले. पूर्ण नाही, पण सुधारले. उरलेला अर्धा उपाय म्हणजे छातीचा पट्टा. तो प्रकाशावर नाही, हृदयाच्या विद्युत संकेतावर चालतो, म्हणून हात कितीही हलला तरी त्याचं काही बिघडत नाही. फिनलंडच्या पोलार कंपनीने असा बिनतारी मॉनिटर १९८२मध्येच आणला होता. म्हणजे मनगटावरच्या हिरव्या दिव्यांपेक्षा ही जुनी युक्तीच अजून जास्त विश्वासाची आहे. मी पट्टा लगेच घेतला नाही. पण पुढचं घड्याळ बाहेरचा पट्टा जोडून घेणारं हवं, हे तिथेच ठरलं. स्वस्त घड्याळांत पुष्कळदा ही सोय नसते, आणि तेही डब्यावर लिहिलेलं नसतं.

दुसरं घड्याळ घ्यायला मी सहा आठवडे घेतले. भाची वैतागली. “मावशी, लग्नाचं स्थळ बघतेयस का?” पण या वेळी मी जाहिरातींवरून न बघता घालून बघायचं ठरवलं. काकांकडे मागितलं, “एक दिवस घालू का तुमचं?”

“घाल की. एकच सांगतो, आपण घड्याळाकडे बघत राहायचं नाही. काही सांगायचं असेल तर ते हाक मारेल.”

त्यांच्या घड्याळाला पाच बटणं होती आणि टचस्क्रीन नव्हताच. मला आधी ते जुनाट वाटलं. मग पावसात धावले. माझ्या पहिल्या घड्याळावर पावसाचे थेंब पडले की पडद्याला बोटं लागल्यासारखं वाटायचं आणि ते आपोआप एकीकडून दुसरीकडे सरकायचं. एकदा तर मधेच धावणं थांबवून, जतन न करता मोकळं झालं होतं. इथे ओलं बोट, हातमोजा, घाम, काहीही असो, बटण दाबलं की दाबलं जायचं. कट् असा आवाज. धावताना डोळ्यांपेक्षा अंगठ्याला जास्त कळतं.

पडद्याचंही तसंच. दुकानातल्या दिव्याखाली अमोलेड पडदा बघितला की दुसरं काही आवडतच नाही, इतके रंग खुलतात. काकांचा पडदा फिकट, राखाडीकडे झुकलेला. पण उन्हात तोच जास्त स्पष्ट, कारण तो उन्हाचाच प्रकाश परतवतो. शिवाय तो सतत चालू असतो, मनगट झटकून उठवावा लागत नाही. आता बऱ्याच अमोलेड पडद्यांचा उजेडही उन्हाला पुरतो, त्यामुळे यावरून भांडण्यात अर्थ नाही. मला झटकायचा कंटाळा होता, एवढंच.

बॅटरीच्या आकड्याने मला पहिल्यांदा फसवलं होतं, म्हणून या वेळी सरळ दुसरा आकडा शोधला. ‘१४ दिवस’ हा जीपीएस बंद असतानाचा आकडा असतो. खाली कुठेतरी ‘जीपीएस चालू असताना इतके तास’ असं असतं, तो आपल्या कामाचा. आणि इथेच मी उलट्या दिशेनेही वाहवत चालले होते. ३८ तासांचं घड्याळ बघून २० तासांचं कमी वाटायला लागलं. मग कागदावर मांडलं: आठवड्याला तीन वेळा, दर वेळी ४० मिनिटं. झाले २ तास. उद्या मॅरेथॉन धावले तरी ४२.१९५ किलोमीटरला सहा तास धरू. वीस तासांचं मी काय करणार होते? डोंगरात दिवसरात्र धावणाऱ्यांसाठीचं सामान मी माझ्या खिशातून विकत घ्यायला निघाले होते.

पाण्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. ५ एटीएम, म्हणजेच ५० मीटर, लिहिलेलं असेल तर पाऊस, घाम, पोहणं, सगळं चालतं. ५० मीटर म्हणजे तेवढ्या खोलीच्या स्थिर पाण्याचा दाब, तेवढ्या खोल बुडी मारायचा परवाना नव्हे. गरम पाणी आणि साबण मात्र टाळावेत, रबराच्या सीलना ते मानवत नाहीत.

शेवटी दोन घड्याळं उरली. एक गार्मिन फोररनर ५५, २०२१चं, म्हणजे एव्हाना जुनं. ३७ ग्रॅम, जीपीएसवर २० तास, पाच बटणं, टच नाही, गाणी साठवता येत नाहीत, हवेच्या दाबावरून चढ मोजणारा सेन्सरही नाही. दुसरं कोरोस पेस ३, २०२३चं. नायलॉनच्या पट्ट्यासकट ३० ग्रॅम, ३८ तास, आणि ती दोन फ्रिक्वेन्सींची चैनही त्यात. कागदावर दुसरं उजवं, यात वाद नाही. ट्रॅकवरच्या एका मुलीकडून ते मागून घातलं तर मनगटावर आहे की नाही तेच कळेना, इतकं हलकं. त्यावर डाव्या-उजव्या बटणांऐवजी एक फिरणारी चकती आहे, ती फिरवून यादी सरकते. तिला सवय होती, माझं बोट दर वेळी एक पाऊल पुढेच जायचं.

मी जुनं घेतलं. पिढी जुनी झाली की किंमत उतरते, आणि नवशिक्याला लागणारं काहीच त्या पिढीबरोबर जुनं होत नाही. धावणे-चालणे यांचे टप्पे हवे तसे लावता येतात, छातीचा पट्टा जोडता येतो, धावल्याची नोंद फाइल म्हणून बाहेर काढता येते. ही शेवटची गोष्ट मी पहिल्या घड्याळानंतरच शिकले. त्याच्या ॲपमधून काहीच बाहेर काढता येत नव्हतं, त्यामुळे माझे पहिले दोन महिने तिथेच पुरले गेले. आधी वाटतं, कोण बघतंय जुन्या नोंदी. मग वर्षाने बघावंसं वाटतं आणि त्या नसतात.

नवीन घड्याळ बांधून पहिल्यांदा धावले तेव्हा घरातून बाहेर पडल्या पडल्या सुरू केलं, आणि पहिले दोनशे मीटर नकाशावर उमटलेच नाहीत. ही घड्याळाची चूक नव्हती. उपग्रह स्वतःच्या जागेची माहिती दर ३० सेकंदांनी पूर्ण सांगतो. ती ऐकून घ्यायला घड्याळाला वेळ द्यावा लागतो. आदल्या रात्री फोनशी सिंक करून ठेवलं तर उपग्रहांचा पुढचा अंदाज आधीच घड्याळात उतरतो आणि ते काही सेकंदांत तयार होतं. आता मी मोकळ्या जागी उभी राहते, हिरवी खूण येईपर्यंत बुटांच्या नाड्या बांधते. दहा फेऱ्यांना या वेळी ४.०५ आलं, फोन घरी.

मग पडदा बदलला. मूळ मांडणीत तात्कालिक पेस होता, म्हणजे या क्षणाचा वेग. तो मला वेडं करायचा. किलोमीटरला ६ मिनिटं, मग ७:४०, मग ६:२०, आणि मी मात्र एकाच गतीने धावत असायचे. जीपीएसच्या दोन-चार मीटरच्या चुकीने क्षणाचा वेग असाच हिंदकळणार. तो काढून टाकला आणि चालू किलोमीटरची सरासरी ठेवली. बाकी वेळ आणि अंतर. ठोके दुसऱ्या पानावर ढकलले.

ठोक्यांचं पान मी अजून फारसं उघडत नाही, त्याला कारण आहे. घड्याळाने माझं वय विचारलं आणि २२० वजा ४६, म्हणजे १७४ हा माझा कमाल हार्ट रेट धरला. त्यावरून ‘सोपी’ पट्टी १०४ ते १२२ अशी ठरवली. मी चालले तरी ११८. म्हणजे सावकाश धावायचं असेल तर मला धावताच येणार नाही! ते २२० वजा वय हे मुळात लोकसंख्येची सरासरी सांगणारं सूत्र, एकेका माणसाचा आकडा त्यापासून दहा-बारा ठोके सहज इकडे-तिकडे असतो. २००१मध्ये सुचवलेलं २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्रही माझ्या वयाला १७६च्या आसपास नेतं. नंतर छातीचा पट्टा घेतला, आणि चढावर जीव खाऊन धावले तेव्हा १८६ दिसलं. तो आकडा घड्याळात भरला तशी सोपी पट्टी ११२ ते १३० झाली. तोवर मी माझ्या परीने जे मोजमाप धरलं होतं, शेजारच्या बाईशी पूर्ण वाक्य बोलता येतंय का, तेही जवळजवळ त्याच पट्टीत बसत होतं. (दम्याचा, हृदयाचा त्रास असलेल्यांनी जीव खाऊन धावून आकडे काढायला जाऊ नये.)

व्हीओटू मॅक्सचा, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा, आकडाही येतो. वेग आणि ठोके यांच्या गणितावरून तो काढलेला असतो, म्हणून ठोके चुकले की तोही चुकतो. मी महिन्यातून एकदा बघते, वर जातोय की नाही एवढ्यापुरता.

आणि थरथर. ६० सेकंद, थरथर. ९० सेकंद, थरथर. नंतर ३ मिनिटं, ५ मिनिटं, ८ मिनिटं. नवव्या आठवड्यात सलग अर्धा तास होता, त्या दिवशी ते एकदाच थरथरलं, शेवटी. त्या पूर्ण अर्ध्या तासात मी मनगटाकडे तीनदा बघितलं असेल.

पहिलं घड्याळ आता आईकडे आहे. तिला वेळ मोठ्या आकड्यांत दिसते म्हणून आवडतं. परवा संध्याकाळी फोनवर म्हणाली, “अगं, आज तीन हजार पावलं झाली माझी.”

“कुठे गेली होतीस?”

“कुठे नाही. खुर्चीत बसून स्वेटर विणत होते.”